मंगळवारी बिघडणारा पंप

मित्रांनो, पंप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे विहिरीवरचा पंप येईल, नाहीतर सायकलच्या चाकात हवा भरणारा. मी त्या दोघांपैकी कोणी नाही. मी प्रयोगशाळेतला पंप आहे, आणि चांगला जुना आहे. उंचीला वीतभर, अंगावर हिरवा रंग, तोही कोपऱ्यांवर उडालेला. पुढच्या बाजूला एक चाक आणि चाकाला चार रूळ. रुळांखालून एक मऊ नळी जाते. चाक फिरू लागलं की रूळ नळीला एकामागून एक दाबतात आणि आतलं पाणी थेंबाथेंबानं पुढे सरकतं. पाण्याला मी शिवतसुद्धा नाही. नळीला बाहेरून दाबायचं आणि पाण्याला चालतं ठेवायचं, एवढंच माझं काम. एवढंच म्हणालो खरा, पण मिनिटाला एक मिलिलिटर म्हणजे एकच. सव्वा नाही आणि पाऊणही नाही. माझी सगळी अब्रू त्या एका मिलिलिटरवर उभी आहे.

माझे रूळ एका कारागीर बाईंनी बसवले. त्यांना कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून त्या यंत्राचा आवाज ऐकत नसत. हाताचा तळवा पाठीवर ठेवून थरथर तपासत. माझ्या पाठीवर त्यांनी बराच वेळ हात ठेवला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा गुणाचा आहे गं." जन्मल्या जन्मल्या कौतुक झालं. त्याचा ताठा अजून थोडा शिल्लक आहे, हे मी लपवत नाही.

पुढची काही वर्षं मात्र वाईट गेली. एका महाविद्यालयानं मला हौसेनं नेलं, चार दिवस चालू-बंद करून पाहिलं आणि कपाटात टाकलं. माझ्यावर फाटका अ‍ॅप्रन, अ‍ॅप्रनवर जुन्या उत्तरपत्रिका. फिरणं ज्याचा जीव, त्यानं किती वर्षं एका जागी बसावं? माझी नळी वाळून कडक झाली. मग एक दिवस कपाट उघडलं आणि एका चष्मेवाल्या माणसानं मला खेळणं सापडल्यासारखं बाहेर काढलं. ते आमचे मामा.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक. साऱ्या इमारतीचे मामा, अगदी त्यांच्याहून वयानं मोठ्या असलेल्या सरांचेसुद्धा. त्यांनी मला पुसलं, तेल दिलं, नवी नळी घातली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीजवळच्या ओट्यावर बसवलं. ओट्याला लागून बेसिन, वर बाटल्यांची फळी, समोर कोमट पाण्याचं भांडं. पलीकडच्या खोलीत एक नवं, चकचकीत यंत्र होतं. ते दिवसभर आकडे छापायचं आणि स्वतःला फार शहाणं समजायचं. असो. शेजाऱ्यांविषयी वाईट बोलू नये.

खोलीचे मालक म्हणजे सर. उंच, किंचित वाकलेले, चहा खिडकीत ठेवून विसरणारे. आणि त्यांच्याकडे शिकायला आली होती एक मुलगी. तिच्या अंबाड्यात नेहमी एक चिमटा खोचलेला असायचा, आणि गरज पडली की ती तोच चिमटा साऱ्या खोलीभर शोधायची. मामांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव चिमटी ठेवलं. तिनं ते आनंदानं लावून घेतलं.

आता आमचं काम काय होतं, ते सांगतो. तुमच्या पोटात, पाठीच्या बाजूला दोन मूत्रपिंडं आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक छोटी ग्रंथी टोपीसारखी बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येतो, अंगावर कुत्रं धावून येतं, ताप चढतो, अशा वेळी ही ग्रंथी रक्तात कॉर्टिसॉल नावाचं रसायन सोडते. त्याला ताणाचं संप्रेरक म्हणतात. नाव ऐकून नाक मुरडू नका. सकाळी तुम्हाला अंथरुणातून उठवायलाही तेच मदत करतं. या ग्रंथीला दोन भाग असतात. बाहेर पिवळसर साल आणि आत तपकिरी गर. कॉर्टिसॉल सालीत तयार होतं. गर दुसरीच रसायनं करतो.

सालीला हुकूम कोण देतं? आमच्या खोलीतल्या जाड पुस्तकात लिहिलं होतं की मेंदूखालची एक ग्रंथी रक्तातून एका रसायनाच्या रूपात निरोप पाठवते, तो निरोप पोचला की साल कॉर्टिसॉल सोडते. चिमटीला मोजायचं होतं, किती निरोपाला किती कॉर्टिसॉल. खाटीकखान्यातून मेंढीच्या ग्रंथी बर्फात घालून येत. मामा ग्रंथी उभी चिरत, आतला गर काढून टाकत आणि सालीचे बारीक तुकडे एका काचेच्या कुपीत ठेवत. मग मी त्या कुपीतून कोमट, साखर-मिठाचं पाणी फिरवत असे. पहिला तासभर नुसतं पाणी, मग त्या पाण्यात मेंदूकडचा निरोप, म्हणजे तेच रसायन. कुपीतून बाहेर पडणारं पाणी दर दहा मिनिटांनी नव्या नळकांड्यात जमा व्हायचं आणि पलीकडच्या शहाण्याकडे मोजायला जायचं.

मामांचं सोलणं बघण्यासारखं असायचं. त्यांनी घरून मिठाच्या बरणीतला एक चिमुकला चमचा आणला होता. त्याच्या कडेनं ते गर असा खरवडत की सालीला ओरखडा नाही आणि गराचा कण नाही. "घाई करायची नाही. कलिंगड खातोय का आपण?" असं ते चिमटीला म्हणत. आणि चिमटी म्हणायची, "मामा, मी तर कलिंगड सालीसकट खाते." मग दोघं हसत बसायची.

सगळं छान चाललं होतं. आणि मग मंगळवार बिघडले.

आठवड्याचे बाकीचे दिवस पहिल्या तासाचे आकडे शहाण्या मुलासारखे खाली बसून असत. निरोप नाही, तर कॉर्टिसॉलही जेमतेम. पण मंगळवारी निरोप घालण्याआधीच आकडे दुप्पट. पुढच्या मंगळवारी पुन्हा दुप्पट. चिमटीनं पाणी बदललं, नळ्या बदलल्या, शहाण्या यंत्राकडे तक्रार केली. त्यानं कानावर हात ठेवले. सहा महिन्यांत एकवीस मंगळवार असे गेले. तीन आठवड्यांनी बाहेरचे परीक्षक येणार होते. आकड्यांचं कारण सापडलं नाही, तर तिचं सहा महिन्यांचं काम रद्द आणि दुसऱ्या कोणाच्या तरी विषयावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिचा डबा दुपारी तसाच परत जाऊ लागला.

एका सोमवारी सरांनी सगळे कागद ओट्यावर पसरले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"दोष या पंपाचा आहे," ते म्हणाले. "जुनं डबडं. मधेच वेग बदलत असणार."

"पण मंगळवारीच का, सर?" चिमटीनं विचारलं.

"जुन्या यंत्रांना काय, वार कळतात थोडेच? योगायोग. तू असं कर, मंगळवार सगळे गाळून टाक. तळटीप दे, पंपातल्या बिघाडामुळे एवढे आकडे वगळले. परीक्षक समजून घेतील. आणि परीक्षा झाली की हे डबडं भंगारात दे."

मित्रांनो, मला घाम येत नाही म्हणून बरं. मी! ज्याच्या पाठीवर हात ठेवून कारागीर बाईंनी गुणाचा म्हटलं होतं, तो मी! पण चिमटीचा जीव मात्र भांड्यात पडला. तिचा चेहरा असा उजळला की मला रागवायचंही सुचेना. तिनं त्याच दुपारी तळटीप लिहून काढली आणि कित्येक दिवसांनी डबा पूर्ण खाल्ला.

संध्याकाळी मामांनी ती तळटीप वाचली. मामा चिडले की बोलत नाहीत, चष्मा पुसतात. त्या दिवशी त्यांनी चष्मा तीनदा पुसला.

"उद्या मी सकाळी येतो," ते म्हणाले.

"उद्या मंगळवार आहे ना? नातीचं पोहणं?"

मंगळवारी सकाळी मामा आपल्या नातीला पोहायला घेऊन जात आणि दुपारी जेवूनच येत. सरांनी ही सूट त्यांना आनंदानं दिली होती.

"उद्या तिची आजी नेईल. मला या पंपाची बाजू ऐकायची आहे."

मंगळवारी मामा सगळ्यांच्या आधी आले. त्यांनी माझ्या नळीखाली मोजपात्र ठेवलं, हातात घड्याळ घेतलं आणि मला सुरू केलं. दहा मिनिटं, दहा मिलिलिटर. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा दहा. असं त्यांनी दहा वेळा मोजलं. मी इतका जीव लावून आयुष्यात फिरलो नसेन. दहाच्या दहा वेळा पाणी रेघेला टेकलं, रेघेच्या वर नाही आणि खालीही नाही.

"मंगळवार असूनसुद्धा!" मामा जाहीर केल्यासारखे म्हणाले. माझी छाती फुगली. मग ते चिमटीकडे वळले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "पोरी, मी मंगळवारी सकाळी नसतो. मग ग्रंथी कोण सोलतं?"

"मी," चिमटी म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिचा हात अंबाड्यातल्या चिमट्याकडे गेला.

वापरून झालेले सालीचे तुकडे कुजू नयेत म्हणून दर दिवशी औषधी पाण्याच्या छोट्या बाटलीत घालून, वर तारीख लिहून ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. ठेवत सगळे, उघडून कोणी बघत नसे. चिमटीनं मंगळवारच्या बाटल्या काढल्या आणि एकेक तुकडा भिंगाखाली धरला. पिवळ्या सालीच्या आतल्या बाजूला तपकिरी कण चिकटलेले होते. पहिल्या बाटलीत, दुसऱ्या, सातव्या, सगळ्यांत. साल फाटेल या भीतीनं ती मामांचा चमचा न घेता सुरीच्या बोथट पाठीनं हलक्या हातानं खरवडायची. तिला वाटायचं, झालं स्वच्छ. गराचा केर तसाच राहायचा.

"म्हणजे मीच," ती एवढंच म्हणाली आणि स्टुलावर बसली.

मामा तिच्या शेजारी बसले. "सरांना अजून काही माहीत नाही. तळटीप तू लिहिलेली आहेच. आता काय करायचं ते तू ठरव. मी माझ्या तोंडानं काही सांगणार नाही." आणि ते कुप्या धुवायला बेसिनशी गेले.

त्या दुपारी चिमटी बराच वेळ माझ्यासमोर बसून राहिली. तिला काय वाटत होतं ते मला दिसत होतं. गप्प बसली तर परीक्षा सुरळीत, सर खूश, पदवी खिशात. फक्त एक जुना पंप भंगारात. बोलली तर सहा महिन्यांचा हलगर्जीपणा स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा, आणि सर म्हणजे हलगर्जीपणावर आग पाखडणारे.

"तुझ्यावर ढकललं तर तू काय बोलणार आहेस?" तिनं मला विचारलं.

मी काय बोलणार? टुक, टुक, टुक. एवढी एकच भाषा मला येते. पण खरं सांगतो, त्या वेळी मला भंगाराची भीती वाटली नाही. मला या पोरीची काळजी वाटली. तिच्या हसण्यानं खोली भरायची, आणि ही गोष्ट पोटात ठेवून ती पुन्हा तशी हसली असती का, कोण जाणे.

ती उठली. मंगळवारची एक बाटली मुठीत धरून सरांच्या खोलीकडे गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"सर, पंप चांगला आहे. चूक माझी आहे. मंगळवारी ग्रंथी मी सोलायची, आणि गर नीट काढत नव्हते."

"एकवीस मंगळवार?"

"हो, सर."

"आणि एकदाही भिंगाखाली पाहिलं नाहीस?"

"नाही, सर."

"अगं, पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा असला आळशीपणा..." सरांचा आवाज चढत गेला. आणि मधेच थांबला. मला वाटलं, संपलं सगळं.

"थांब," सर अगदी हळू आवाजात म्हणाले. "मंगळवारी कॉर्टिसॉल वाढायचं. निरोप घालण्याच्या आधी?"

"आधी. नुसत्या पाण्यात."

"मेंदूकडून काही नाही. रक्त नाही. ग्रंथी शरीराबाहेर, काचेच्या कुपीत." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मग सालीला सांगितलं कोणी?"

चिमटीच्या मुठीतली बाटली टेबलावर टक्कन वाजली.

"अगं, बोल की! कोण होतं तिच्या शेजारी?"

"गर," चिमटी म्हणाली. "गराचा केर, सर."

सर जवळजवळ धावतच आमच्या खोलीत आले. मागोमाग चिमटी, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. "मामा!" सर ओरडले. "तुमचा तो मिठाचा चमचा कुठे आहे? आणि आजपासून गर फेकायचा नाही!" मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "माफ कर रे बाबा. तुझ्यावर उगीच खापर फोडलं."

मी माफ केलं. तेवढी थाप पुरली मला.

पुढचे तीन आठवडे म्हणजे आमच्या खोलीत नुसती धमाल. सर संशय घेण्यात पटाईत. ते म्हणाले, गरालाच चिकटून सालीचे कण आले असतील आणि कॉर्टिसॉल तेच सोडत असतील. म्हणून आधी नुसता गर कुपीत घातला. आकडा जवळजवळ शून्य. मग चिमटीनं एक युक्ती काढली. तिनं दोन कुप्या एकाच नळीवर एकापुढे एक जोडल्या. पहिलीत नुसता गर, दुसरीत मामांनी सोललेली लख्ख साल. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, मधे फक्त मी पुढे ढकलत असलेलं पाणी. गरावरून आलेलं पाणी सालीवरून जाणार. गर खरंच काही सांगत असेल, तर ते सांगणं पाण्यातून पोचायला हवं.

मी फिरू लागलो. मामा नळकांडी बदलत होते. सर चहा हातात धरून उभे होते आणि तो खिडकीत विसरायचंही विसरले होते. नळकांडी पलीकडच्या खोलीत गेली. त्या शहाण्यानं आकडे छापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला, असं माझं ठाम मत आहे. मग चिमटी कागद हातात घेऊन दारात आली.

"वाढलं," ती म्हणाली. "दुपटीहून जास्त!"

"कुप्या उलट्या लाव!" सर म्हणाले. "आधी साल, मग गर."

उलट्या लावल्या. आता सालीवर कोरं पाणी येत होतं आणि गराचं म्हणणं ऐकायला पुढे कोणीच नव्हतं. आकडा खाली बसला. पुन्हा सुलट्या लावल्या, पुन्हा वर. असं नऊ दिवस केलं आणि नऊही दिवस तेच. त्यातला एक मंगळवार होता, हे सांगायला मामा विसरले नाहीत.

मित्रांनो, याचा अर्थ किती मजेचा आहे पाहा. दूर मेंदूखालून येणारा निरोप म्हणजे टपालानं आलेलं पत्र. ते खरंच असतं, मोठंही असतं. पण सालीला शेजारही आहे. गर आहे, मज्जातंतूंची टोकं आहेत, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी आहेत. हे सगळे आपापली रसायनं थोडी थोडी सोडतात. ती सहसा लांब जात नाहीत, दोन घरं ओलांडली की विरून जातात. पण तेवढ्यात शेजारणीच्या कानात सांगून होतं, "अगं, जरा जोर कर," नाहीतर, "पुरे आता, दम घे." टपाल नसलं तरी शेजारी हाक मारतात. आम्ही मात्र इतकी वर्षं स्वच्छतेच्या नादात त्या शेजाऱ्यालाच चमच्यानं खरवडून बेसिनमध्ये टाकत होतो.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक तिघे होते. त्यांना प्रयोग प्रत्यक्ष पाहायचा होता, म्हणून सगळे आमच्याच खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. मधे एक वयस्कर बाई होत्या. कमी बोलणाऱ्या आणि सगळं वाचणाऱ्या. चिमटीनं प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हा शोध तिच्या चुकीतून लागला, ती चूक सहा महिने चालली आणि एकवीस वेळा झाली. तळटीप नाही, आडपडदा नाही.

मी टुक टुक करत होतो. बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि वर पाहिलं.

"मुली, तुला हे मंगळवार गाळायची मुभा मिळाली होती, असं तुझे सरच आम्हाला म्हणाले."

"हो, बाई."

"गाळले असतेस, तर तुझं काम नीटनेटकं दिसलं असतं. पदवीही मिळाली असती. कोणाला कळलं असतं?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मामांनी चष्मा काढला. चिमटीनं क्षणभर विचार केला आणि माझ्याकडे हात केला.

"याला कळलं असतं, बाई. आणि मला रोज याच्यासमोर बसायचं होतं."

आधी बाई हसल्या. मग सर, मग सगळेच. मामा हसता हसता चष्मा पुसत राहिले. माझं चाक एका लयीत फिरत होतं आणि मिनिटाला एक मिलिलिटर पाणी नळीतून पुढे जात होतं. पण मी माणूस असतो, तर त्या मिनिटाला माझा हिशेब नक्की चुकला असता.

तेव्हा मित्रांनो, माझी एक विनंती आहे. आम्हा जुन्या यंत्रांना पुसा, तेलाचा थेंब द्या, कपाटात कोंडून ठेवू नका. एवढं केलंत तर आम्ही तुमच्यासाठी वर्षानुवर्षं फिरू. पण त्याहून जास्त काळजी घ्या ती मनासारख्या न आलेल्या आकड्याची. तो दिसला की लगेच खोडू नका आणि लगेच कोणाच्या माथी मारू नका. आधी आपलेच हात पाहा, मग बाटली उघडून भिंगाखाली धरा. चूक तुमची निघाली तर ती मोठ्यानं सांगा. आमच्या चिमटीनं सांगितली, म्हणून साऱ्या जगानं खरवडून फेकलेल्या गराचं बोलणं आमच्या खोलीला ऐकू आलं.